कपाटामागची बाई

माझ्या वडिलांनी आयुष्यभरात आमच्यापासून एकच वस्तू लपवली, आणि तीही चार फूट उंच नि अडीच फूट रुंद अशी होती. लपवायची सवय नसलेला माणूस असाच पकडला जातो. जनरल शिफ्ट सुटल्याचा भोंगा होऊन बराच वेळ झाला होता, आमच्या ओळीतल्या सगळ्या सायकली घरी येऊन भिंतींना टेकल्या होत्या आणि माय दोनदा फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघून आली होती. बाबा आले ते मागच्या अंगणातून, सायकल हातात धरून चालत. कॅरियरवर ताडपत्रीत गुंडाळून सुतळीने आवळलेलं काहीतरी आडवं बांधलेलं होतं. मायने विचारलं, "काय होय ते?" "फळी होय." "कायची फळी?" "अशीच." जो माणूस प्लांटातून कधी वाकडा खिळा घरी आणत नसे, त्याने अख्खी फळी आणली आणि ती कशाची हे त्याला सांगता येईना, यातच कुठेतरी पाणी मुरत होतं. मायने ताट वाढलं. पण भाकरीवर चटणी वाढताना ती बाबांच्या हातांकडे बघत होती, हे मी पाहिलं.

आमचं भिलाईच्या पोलाद कारखान्याचं क्वार्टर दोन खोल्यांचं. मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड, झाडाखाली कोळशाची शेगडी. मोठा भाऊ नागपूरला मामाकडे शिकायला होता, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. घर माझ्या आठवणीत आवाजांनी भरलेलं आहे. पहाटेचा भोंगा, दुपारचा भोंगा, भिलाई-तीन स्टेशनाकडून येणारा मालगाडीचे डबे जोडल्याचा दणका, आणि त्या सगळ्यावर मायचं खराट्याने झाडणं. प्लांटची तांबूस धूळ दोरीवरच्या कपड्यांवर बसायची, डाळीवर बसायची, देवाच्या तसबिरीवर बसायची. माय तिच्याशी रोज भांडायची. साकोलीकडच्या शेतकऱ्याच्या घरातून आलेली बाई, तिला मातीची धूळ चालायची, लोखंडाची नाही. जेवण मात्र अजून तिकडचंच होतं, तांदळाची भाकर, जवसाची चटणी, लाखोळीच्या डाळीचे वडे. वडे तळायचे ते सुटीच्या दिवशी, आणि तेही बाबांचा मूड बघून.

बाबा प्लांटात खलाशी होते. बाहेरच्या माणसाला खलाशी म्हटलं की जहाज आठवतं. आमच्याकडे खलाशी म्हणजे साखळ्या आणि वायररोप लावून मोठमोठी मशीनं उचलणारा, क्रेनवाल्याला खालून हाताने खुणा करणारा आणि ते सगळं वजन बोटभर फटीत नेमकं बसवणारा माणूस. तिथल्या गोंगाटात तोंडाचा उपयोग नसतो. अंगठा वर म्हणजे उचल, तळवा आडवा धरून हलवला म्हणजे हळू, मूठ वळली म्हणजे थांब, आहे तिथेच धर. घरीसुद्धा बाबा बरंचसं असंच बोलायचे. आणखी भाकर हवी का म्हटलं तर मूठ वळायचे.

त्यांच्या भागात एक परदेशी साहेब नवं मशीन बसवायला आला होता, दोन-अडीच वर्षं राहिला. आमच्या भिलाईत गोरा म्हणजे रशियन, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. हा साहेब मात्र चिडायचा. आपण रशियन नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा आणि आपल्या मुलखाचं नाव घ्यायचा. ते कोणाच्या ध्यानात राहत नसे. त्याचं नाव यान, गँगमधल्या लोकांनी त्याचा यानो साहेब केला. स्लोवाक हा शब्द मी पुढे फार वर्षांनी वाचला. साहेबाला हिंदी मोडकंतोडकं, बाबांना हिंदी कामापुरतं, पण हातांची भाषा दोघांनाही येत होती आणि त्यावर त्यांचं चांगलं जमलं होतं. तो मायदेशी परत गेला त्याच आठवड्यात ती 'फळी' आमच्या घरी आली. आता हे दोन्ही शेजारी शेजारी लिहिताना किती सरळ दिसतं! पण तेव्हा आम्ही ते जोडलं नाही. माणसाला संशय घ्यायचा असला की तो जवळचं सोडून लांबचं शोधतो. मी पुढे छत्तीस वर्षं दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्ताच्या काचा तपासल्या, संशय हाच माझा पगारी धंदा झाला, तरी हे मला त्या घरातच पहिल्यांदा कळलं.

फळी लोखंडी कपाटाच्या मागे गेली. चार-पाच दिवस मायने दम काढला. मग एके दुपारी तिने मला हाक मारली, आम्ही दोघींनी कपाट हातभर पुढे ओढलं, सुतळी सोडली आणि ताडपत्री बाजूला केली. आत एक बाई बसली होती.

ते चित्र होतं, पण आम्ही तोवर पाहिलेल्या चित्रांसारखं नव्हतं. कॅलेंडरवरच्या लक्ष्मीला लाल-हिरवं-सोनेरी असतं. इथे नुसता काळा, पांढरा आणि दोघांच्या मधला राखाडी. चार बोटं रुंद कुंच्याने, घाईघाईत, रागाने म्हणा, फटकारे मारलेले. बाई पुढे वाकून बसलेली, कोपरं गुडघ्यांवर, दोन्ही पंजे मोकळे खाली लोंबणारे. पंजे एवढे मोठे की सगळं चित्र त्यांच्यासाठीच काढलं असावं असं वाटे. तोंड जवळपास नव्हतंच. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, ओठांच्या जागी एक आडवी रेघ. एका खांद्याचा रंग ओघळून खाली गेलेला, तो पुसायची तसदीही घेतलेली नाही. मला भीती वाटली. मायला वाटली नाही. ती उकिडवी बसली आणि पोलिसासारखी एकेक गोष्ट बघू लागली. डोकं झाकलेलं होतं. "पाह्य, पदर हाय," ती म्हणाली. मग तिने उजव्या मनगटावर बोट टेकवलं. तिथे एक जाड काळा वेढा होता, कुंच्याचा एकच गोल फटकारा. "अन् हे चुडी."

संध्याकाळी बाबा आले तेव्हा चित्र भिंतीला टेकवून उघडंच ठेवलेलं होतं. बाबा दारात थांबले.

"कोण होय हे बाई?" मायने विचारलं.

"कोणी नाही."

"कोणी नाही तर कपाटामांगं कावून लपवली?"

"ठेवाले देल्लं हाय मले."

"कोणं देल्लं?"

बाबांनी मूठ वळली. आमच्या घरात त्या खुणेनंतर कोणी पुढे बोलत नसे. त्या दिवशी माय बोलली, पुष्कळ बोलली, पण बाबांनी पायातले बूट काढले, चित्र पुन्हा ताडपत्रीत बांधलं आणि कपाट मागे ढकललं. त्यांनी तेव्हा चार वाक्यं बोलायला हवी होती. ते का बोलले नाहीत हे पुढे येईल, आणि ते कळल्यावरही मी त्यांना पूर्ण माफ केलेलं नाही, हेही इथेच सांगून टाकते.

मायच्या डोक्यात काय चाललं होतं ते समजायला एक रीत माहीत हवी. इथल्या छत्तीसगडी गावांत, बाई विधवा झाली किंवा नवऱ्यापासून सुटली, तर एखादा माणूस तिच्या हातात चुड्या भरतो, चार लोकांना जेवायला घालतो आणि ती त्याची बायको होते. उजळ माथ्याने होते. तिला नवं घर मिळतं, कोणी नाव ठेवत नाही. चांगली रीत आहे, असं मी आज म्हणते. आमच्या साकोलीकडच्या बायकांना मात्र तिचा धसका होता, कारण मागच्या ओळीतल्या एका वेल्डरने घरी बायको असताना अशाच चुड्या भरून दुसरी आणली होती, आणि पहिली पोरांना घेऊन गावी निघून गेली होती. तेव्हापासून ओळीतल्या प्रत्येक बाईच्या मनात ती पाल चुकचुकत असे. आणि गोऱ्या बाया आम्ही पाहिलेल्या होत्या. साहेबांच्या बायका बाजारात यायच्या, फ्रॉक घालून, उघड्या केसांनी. डोक्यावर पदर घेतलेली, राबून राबून पंजे मोठे झालेले, मनगटात एकच जाड चुडी घातलेली बाई परदेशातली असू शकते, हे आमच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. माय म्हणाली, "हे इथचीच होय. कामावरची होय." मला ते पटलं. इतकं पटलं की मला चित्रातल्या बाईचा चेहरा दिसायला लागला, जो त्यात नव्हताच.

बाबांच्या गँगसोबत काही रेजा काम करायच्या. रेजा म्हणजे मजुरीवरच्या बाया, विटा-रेती वाहणाऱ्या, भंगार उचलणाऱ्या. त्यातली फुलबासन आमच्या ओळखीची होती. हथखोजच्या पुढच्या एका गावातून यायची. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. उंच, मोठ्या हाडाची, चालताना जमीन दणाणायची. कधी परतताना आमच्या नळावर पाणी प्यायची, पदराच्या गाठीतून बोरं काढून मला द्यायची, "ले नोनी", घे पोरी, म्हणायची. बाबांना ती भइया म्हणायची. मला ती आवडायची, आणि तिच्यावर संशय घेताना ते आवडणं कुठे गेलं कोण जाणे. उलट बोरं आठवून वाटायला लागलं, ही मला बोरं का द्यायची?

मायने मला कामाला लावलं. उघडपणे नाही. "बाबाले डबा देऊन ये अन् पाह्य कोणासोबत बसते," एवढंच. मी गेटपर्यंत डबा नेऊन द्यायची आणि बघून यायची. दिसायचं काहीच नाही. घरी आले की माय भांडी घासता घासता विचारायची, "काय पाह्यलं?" आणि मी "काही नाही" म्हटलं की ती मान खाली घालून जास्तच जोरात घासायची. तिचा तो चेहरा मला बघवत नसे. मी तेरा वर्षांची होते. आपण काहीतरी पाहून आणायला हवं, नाहीतर आपण कुचकामी, असं मला वाटू लागलं.

मग रविवारचा बाजार आला. बाबा भाजी आणायला निघाले आणि मी थोडं अंतर ठेवून मागे गेले. बाबा वांगी निवडत बसले होते. तिथून दोन दुकानं सोडून बांगडीवाल्याकडे फुलबासन होती. तिने एक चुडी हातात चढवून बघितली, हात वर करून बाबांना लांबूनच दाखवला आणि हसली. बाबांनी मान डोलावली, अंगठा वर केला आणि पुन्हा वांग्यांत डोकं घातलं. फुलबासनने चुडी काढून दुकानदाराला परत दिली. झालं, एवढंच.

घरी माय शेगडीपाशी भांडी घासत होती. "काय पाह्यलं?"

"फुलबासन बांगडीवाल्याजवळ व्हती."

मायचा हात थांबला. "अन् तुहे बाबा?"

"बाबा बी व्हते."

"चुड्या कोणं भरल्या?"

आता मी खरं सांगितलं असतं, तर ती पुन्हा खाली मान घालून घासायला लागली असती. ती माझ्याकडे अशी बघत होती की आजवर कोणी माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "बाबानं."

एक शब्द. तो मी ठरवून बोलले नाही, असं स्वतःला समजावण्यात बरीच वर्षं गेली. ते काही खरं नाही. मी तो बोलले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फुलबासन आमच्या दारात आली. तेलकट फडक्यात ठेठरी नि खुरमी बांधून आणली होती. हे पदार्थ पोळ्याला त्यांच्याकडे करतात, एक खारी, एक गोड. सोबत एक तरणी बाई होती, नवी साडी नेसलेली, लाजरी. फुलबासन फाटकातूनच म्हणाली, "भउजी, भइया घर म हे का?" आणि हसली. मायने हातातलं सूप खाली ठेवलं.

"चुड्या भरून झाल्या, आता घर पाहाले आली का वो?"

फुलबासनला आधी समजलंच नाही. तिने विचारलं, "का कहत हस भउजी?" माय हिंदीत बोलायला लागली, मोठ्याने, सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं. शेजारणी फाटकांवर आल्या. आणि मी काय केलं? मी आत धावत गेले, एकटीने कपाट ओढलं, ताडपत्री फाडली आणि ते चित्र फरफटत ओट्यावर आणून उभं केलं. कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता पुरावा दाखवायची वेळ आली. सगळ्या बाया पुढे झाल्या. दिवसाच्या उजेडात ती काळी बाई आणखीच काळी दिसली. "अरे बाप्पा," शेजारच्या काकू म्हणाल्या, "तेच तर होय!" फुलबासन चित्राकडे बघत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "ए मैं नोहँव." ही मी नव्हे. मायने माझा दंड धरला. "शालू, सांग सगळ्याइले. तू पाह्यलं का नाही?"

"पाह्यलं. बाबानं तिले चुड्या भरल्या."

ती लाजरी बाई एकदम मागे सरली. ती मनहरणची बहीण होती. मनहरण म्हणजे त्यांच्याच गावचा एक गवंडी, बायको वारलेला. येत्या सोमवारी तो फुलबासनला चुड्या भरणार होता, आणि दोघी आम्हाला जेवायचं आमंत्रण द्यायला आल्या होत्या. हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी फक्त एवढं दिसलं की ती बाई वळली आणि भराभर चालू लागली, आणि फुलबासन तिच्या मागे "सुन तो बहिनी, सुन तो" म्हणत गेली. फडकं ओट्यावरच राहिलं.

बाबा घरी आले तेव्हा ओळीत बातमी पसरून जुनी झाली होती. ते चित्रासमोर जमिनीवर बसले. मला वाटतं, एवढं सलग ते कधीच बोलले नव्हते. "हे यानो साहेबाची माय होय," ते म्हणाले. साहेबाचा धाकटा भाऊ चित्रकार. तिकडच्या सरकारला त्याची चित्रं खपेनात, ती भिंतींवरून उतरवली गेली, काही जाळली गेली. साहेबाने हे एक आपल्या भल्यामोठ्या ट्रंकेत, कपड्यांखाली घालून इकडे आणलं होतं. परत न्यायची त्याला छाती झाली नाही. 'माँ है. भाई बनाया. उधर नहीं ले जाना. किसी को नहीं बोलना,' एवढं तो म्हणाला, आणि बाबांनी मूठ वळून दाखवली. वर बाबांना स्वतःची भीती होतीच. परदेशी माणसाकडून वस्तू घेतली म्हणून चौकशी लागली तर नोकरीचं काय, म्हणून तोंड आणखी घट्ट बंद.

मायने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "म्हणजे तुमी फोटोतल्या बाईसाठी चूप राह्यले, अन् जित्या बाईचं नाव गेलं."

"मले काय मालूम तू तिच्यावर जाशीन?"

"मी जाणारच व्हती! तुमी सांगतलं कुठी?" मग तिने विचारलं, "अन् चुड्या?"

"कोणत्या चुड्या? म्या भरल्या? कोणं पाह्यलं?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दुरून तसंच दिसलं." हे दुसरं खोटं. ते पहिल्याहून वाईट होतं, कारण आता मला सगळं माहीत होतं.

इथे मध्येच एक सांगते. ते चित्र आज माझ्या पुढच्या खोलीत आहे. साहेबाचं पत्र कधी आलं नाही, माणूसही आला नाही. त्याच्या देशाचे पुढे दोन देश झाले, आमच्या प्रदेशाचं वेगळं राज्य झालं, बाबा गेले, माय गेली. मध्यंतरी चित्रांतलं कळणारा एक मुलगा रायपूरहून येऊन गेला, फार वेळ उभा राहिला आणि म्हणाला, हा हात शिकलेल्या माणसाचा आहे, यांनी बाई नाही काढली, तिचा थकवा काढलाय. मी त्याला विचारलं, तुला कोणी पाठवलं? बिचारा गोरामोरा झाला. खरं म्हणजे मला साहेबाच्या गोष्टीचाही कधी कधी संशय येतो. जळलेली चित्रं, ट्रंकेतला प्रवास, सगळं त्याच्याच तोंडचं. जड सामान कोणाच्या तरी गळ्यात मारायला माणूस काय वाटेल ते सांगेल. पण बाबांनी एकदा विश्वास ठेवला तो ठेवलाच.

तिसऱ्या दिवशी बाबांची सुटी होती. मायने सकाळीच चित्र चादरीत गुंडाळलं आणि म्हणाली, चला. बसमध्ये बाबा ते मांडीवर उभं धरून बसले, लोक विचारत होते, आरसा आहे का. हथखोजला उतरून कारखान्यांच्या शेडच्या रांगा मागे टाकल्या आणि बांधाबांधाने गावात गेलो. गावाची बैठक बसते त्या चौथऱ्यापाशी म्हातारे जमले. बातमी तिथे आमच्या आधी पोचलेली होती. मनहरण एका बाजूला पागोटं मांडीवर घेऊन बसला होता, वर बघत नव्हता. बाबांनी चित्र टेकवून उभं केलं आणि हकीकत सांगायला सुरुवात केली. बाबांचे हात हवेत हलायला लागले, उचल, हळू, थांब. हिंदी अपुरं पडलं की ते तसं करायचे. कोणाला काही पटत होतं असं दिसलं नाही. मुख्य म्हातारा म्हणाला, गोरी बाई डोक्यावर कापड घेत नाही, आम्ही काय गोऱ्या बाया पाहिल्या नाहीत? दुसरा म्हणाला, आता बायको सोबत घेऊन आलाय म्हणजे झाकायलाच आलाय. मायचा चेहरा उतरला. जे ती घरात म्हणाली होती, तेच शब्द तिला छत्तीसगडीत ऐकायला मिळत होते.

मग मनहरणची म्हातारी आई काठी टेकत पुढे आली. तिने चित्राच्या अगदी जवळ तोंड नेलं, मनगटावरच्या त्या वेढ्यावर अंगठा ठेवला आणि अंगठा वर सरकवत कोपरापर्यंत नेला. "ए चूरी नोहे," ती म्हणाली. "ए तो बाँही आय. देख, कपड़ा ऊपर ले आवत हे." ही चुडी नाही, बाही आहे, कापड वरून येतंय. आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. खरंच होतं. काळ्यात काळं मिसळलेलं, पण एक राखाडी कड खांद्यापासून मनगटापर्यंत उतरत होती. लांब बाह्यांचं जाड कापड. भिलाईच्या हवेत असं कापड कोण घालेल? म्हातारी म्हणाली, "कोनो ठंडा देस के महतारी आय." कुठल्यातरी थंड देशातली आई आहे ही.

पण मुख्य म्हातारा पक्का होता. चित्र सोडा, तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "नोनी, तैं अपन आँखी म देखे हस का?" पोरी, तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस का?

सगळे माझ्याकडे बघत होते. फुलबासन लांब एका ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती, तीही. मला मायचा हात धरायचा होता, पण माय दोन पावलं पुढे होती. मी म्हटलं, "नहीं. बाबा भाजी ले रहे थे. मैंने झूठ बोला." मायने झटकन मागे वळून बघितलं. ती नजर मी आजही वर्णन करू शकत नाही. तिने मला मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

चौथऱ्यावर हायसं वाटल्यासारखी हालचाल झाली. म्हातारे मोकळे हसले, कोणीतरी चहा सांगितला, मनहरणने पागोटं डोक्यावर चढवलं. मुख्य म्हाताऱ्याने हाक मारली, ये ग फुलबासन, झालं, सोमवारचं पक्कं. फुलबासन आली. माझ्याकडे नाही, चित्राकडे नाही, सरळ मनहरणकडे बघत म्हणाली, "तीन दिन होगे. तोर घर ले मोर घर बीस पाँव हे. एको घाँव आके मोला पूछे?" तीन दिवस झाले, वीस पावलांवर घर, एकदा तरी येऊन मला विचारलंस? मनहरणने पागोटं पुन्हा मांडीवर घेतलं. "फोटू ल पूछेव, नोनी ल पूछेव. मोला कोनो नइ पूछेव." फोटोला विचारलंत, पोरीला विचारलंत, मला कोणी विचारलं नाही. "जेन घर मोला फोटू देख के मानही, तेन घर म मैं नइ जावँव." जे घर फोटो बघून मला मानेल, त्या घरात मी जाणार नाही.

म्हातारी आई तिला समजावायला उठली. मायने तर तिचे पाय धरले, भररस्त्यात. फुलबासनने मायला उठवलं, पदराने तिच्या गुडघ्यांची माती झटकली, म्हणाली, जा भउजी, बस चुकेल. आणि घरात जाऊन दार लोटून घेतलं. चहा आला होता. आम्ही तो न पिता निघालो.

फुलबासन कामावर परत आली, पण बाबांच्या गँगला नाही, दुसऱ्या ठेकेदाराकडे. आमच्या नळावर ती पुन्हा आली नाही. महिन्याभराने शाळेला जाताना ती मला चौकात दिसली, रेजांना न्यायला येणाऱ्या ट्रकची वाट बघत, टोपलीवर बसलेली, कोपरं गुडघ्यांवर टेकून. मी बरीच घुटमळले. मग जवळ गेले आणि माफ करा म्हटलं. एकदा मराठीत, एकदा हिंदीत.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. राग नव्हता. राग असता तर मी ही गोष्ट विसरून गेले असते.

"तैं लइका रहेस नोनी," ती म्हणाली, "तोर महतारी जइसन कहिस, तइसन कहे. ए सब मैं जानथँव. फेर आँखी तो तोर रहिस." तू पोर होतीस, आईने म्हटलं तसं म्हटलंस, हे मी जाणते, पण डोळे तर तुझे होते.